चार दातांचा वाद

वेडेवाकडे दात सरळ करून घ्यायला आईवडील तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला ऑर्थोडॉन्टिस्टकडे नेतात, तेव्हा तारा बसवण्याआधीच कधीकधी ऐकायला मिळतं, ‘चार दात काढावे लागतील.’ हे दात किडलेले नसतात, हलतही नसतात. सुळ्याच्या लगेच मागची पहिली उपदाढ, वरच्या जबड्यातल्या दोन आणि खालच्या दोन, अशा चार धडधाकट दातांबद्दल डॉक्टर बोलत असतात. मग आईवडील दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतात. ते त्याच मुलाचा एक्स-रे बघून सांगतात की एकही दात काढू नका, जबड्याची कमान रुंद करून जागा करता येईल. आईवडील गोंधळून घरी येतात. त्यांचा गोंधळ रास्त आहे, कारण याच प्रश्नावर हे शास्त्र शंभराहून अधिक वर्षं भांडत आलं आहे. त्या भांडणात मैत्र्या तुटल्या, शिष्यांवर गुरुद्रोहाचा आरोप झाला आणि दोन पिढ्यांच्या मुलांचे चेहरे त्यातून घडले.

दात हलवता येतो की नाही, हा वाद कधीच नव्हता. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक अगदी पातळ थर असतो. दातावर हलका पण सतत दाब दिला, की ज्या बाजूला दाब पडतो तिकडचं हाड विरघळतं आणि ज्या बाजूला ताण पडतो तिकडे नवं हाड भरतं. स्वीडनचे कार्ल सँडस्टेट यांनी १९०४-०५ च्या सुमारास कुत्र्यांवर प्रयोग करून हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. महिन्याला साधारण एक मिलिमीटर, या गतीने दात सरकतो. भांडण होतं ते सरकवून नेऊन ठेवायचा कुठे यावर. जागा कमी असेल तर दात बाहेरच्या बाजूला ढकलून कमान मोठी करायची, की काही दात कमी करून उरलेल्यांना जागा द्यायची? एक उपदाढ सुमारे सात मिलिमीटर रुंद असते. दोन्ही बाजूंच्या काढल्या की एका जबड्यात चौदा मिलिमीटर जागा मोकळी होते. हिशोब एवढा साधा आहे, पण तो मान्य करायला अमेरिकेतले बहुतेक ऑर्थोडॉन्टिस्ट तीस वर्षं तयार नव्हते, आणि याला मुख्यतः एक माणूस कारणीभूत होता.

एडवर्ड हार्टली अँगल यांचा जन्म १८५५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका शेतकरी कुटुंबात झाला. १८७८ मध्ये ते दंतवैद्य झाले. पुढे प्रकृतीसाठी मोंटानात जाऊन त्यांनी मेंढीपालन करून पाहिलं, ते बुडालं. मग मिनियापोलिसमध्ये त्यांनी पुन्हा व्यवसाय मांडला आणि वेड्यावाकड्या दातांच्या कामात स्वतःला झोकून दिलं. तोवर हे काम सर्वसाधारण दंतवैद्य फावल्या वेळात, जमेल तसं करत. प्रत्येकाची उपकरणं वेगळी आणि रोगाची नावंही वेगळी. अँगल यांनी त्यात शिस्त आणली. सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी पहिली कायमची दाढ हा त्यांनी आधार धरला आणि वरची दाढ खालच्या दाढेवर कशी बसते यावरून १८९९ मध्ये सदोष दातजुळणीचे तीन वर्ग पाडले. आजही जगातल्या कुठल्याही दंत महाविद्यालयात विद्यार्थी पहिल्यांदा तेच तीन वर्ग शिकतो. १९०० मध्ये त्यांनी सेंट लुईसला या एकाच विषयाची शाळा काढली, आणि दातजुळणी हे दंतवैद्यकातलं स्वतंत्र क्षेत्र झालं ते तिथून. एका माणसाने एक विद्याशाखा उभी केली असं फार क्वचित म्हणता येतं. अँगल यांच्याबाबतीत ते म्हणायला हवं.

त्यांचा आग्रह होता की एकही दात काढायचा नाही. सुरुवातीला ते तसे नव्हते. त्यांच्या आधीच्या पुस्तकांत दात काढून केलेले उपचार आहेत. पॅरिसमध्ये काम करणारे अमेरिकन दंतवैद्य आयझॅक डेव्हनपोर्ट यांनी १८८७ मध्ये मांडलं होतं की मानवी दंतपंक्ती ही एक अखंड रचना आहे आणि तिच्यातला एक दात काढला तरी सगळी घडी विस्कटते. हा विचार अँगल यांच्या मनात घर करून राहिला. दुसरा धागा कलेतून आला. सुंदर चेहरा कसा असतो याचं माप त्यांना हवं होतं. आधी त्यांनी बेल्व्हेडिअरच्या अपोलोच्या मूर्तीकडे बोट दाखवलं होतं. सेंट लुईसच्या कलाशाळेतले चित्रकार एडमंड वुर्पेल यांना त्यांनी याबद्दल विचारलं. वुर्पेल यांनी समजावलं की इतक्या नाना वंशांच्या, नाना घडणींच्या माणसांना एका मूर्तीचं माप लावता येणार नाही. हे ऐकून एखाद्याने चेहऱ्यांचा आणखी अभ्यास केला असता. अँगल यांनी निष्कर्ष काढला की मग चेहऱ्याचा वेगळा विचार करायचीच गरज नाही. बत्तीसच्या बत्तीस दात आपापल्या जागी बसवले, की त्या माणसाला शोभणारा चेहरा आपोआप मिळेल. तिसरा आधार जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांचा. हाडावर जसा भार पडतो तशी त्याची घडण बदलते, असं वोल्फ यांनी दाखवलं होतं. तेव्हा दात रुंद कमानीत नीट बसवले आणि मूल त्यांनी चावू लागलं, की त्यांच्याभोवती हाड वाढेलच, असं अँगल यांनी धरलं. १९०७ साली निघालेल्या त्यांच्या पुस्तकाच्या सातव्या आवृत्तीत ही भूमिका पक्की झाली. निर्दोष दातजुळणी असलेली एक कवटी त्यांनी आदर्श म्हणून नेहमी समोर ठेवली. तिला ते ‘ओल्ड ग्लोरी’ म्हणत.

अँगल यांच्या या मांडणीत एक उदात्तपणा आहे, आणि तो नाकारू नये. त्या काळात दुखणारा दात उपटणं हा दंतवैद्यकाचा सर्रास मार्ग होता. निरोगी दात काढायला नकार देणारा माणूस त्या काळात रुग्णाच्या बाजूने उभा होता.

विरोधक मात्र तोलामोलाचा होता. शिकागोचे कॅल्व्हिन केस वयाने अँगल यांच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे. दंतवैद्यकाबरोबर वैद्यकशास्त्राचीही पदवी घेतलेले. दुभंगलेल्या टाळूच्या रुग्णांसाठी त्यांनी केलेलं काम नावाजलेलं होतं, त्यामुळे तोंडाकडे ते संपूर्ण चेहऱ्याचा भाग म्हणून बघत. दातांबरोबर ते रुग्णाच्या चेहऱ्याचाही प्लास्टरमध्ये ठसा घेत आणि उपचाराआधीचा व नंतरचा असे दोन्ही चेहरे शेजारी ठेवत. या ठशांवरून त्यांना दिसलं की काही मुलांचे दात कमान रुंद करून ओळीत बसतात खरे, पण ओठ पुढे येतात, मिटेनासे होतात. दात सरळ झाले आणि चेहरा बिघडला, असा उपचार त्यांना मान्य नव्हता.

जुलै १९११ मध्ये क्लीव्हलँडला अमेरिकेच्या नॅशनल डेंटल असोसिएशनचं अधिवेशन भरलं. तिथे केस यांनी दात काढण्याच्या प्रश्नावर निबंध वाचला. अँगल स्वतः वादात उतरले नाहीत. त्यांची बाजू लढवली त्यांचे शिष्य मार्टिन डुई यांनी. डुई तेव्हा तिशीतले. पुढे १९१५ मध्ये या विषयाचं मोठं नियतकालिक त्यांनीच सुरू केलं. वादाचा गाभा आनुवंशिकतेचा होता. केस यांचं म्हणणं असं की मूल बापाचे मोठे दात आणि आईचा लहान जबडा घेऊन जन्मू शकतं; अशा मुलाच्या तोंडात सगळे दात मावणारच नाहीत. डुई म्हणत की निसर्ग अशी विसंगती करत नाही. दोष येतात ते बाहेरच्या कारणांनी, अंगठा चोखणं, तोंडाने श्वास घेणं, दुधाचे दात लवकर पडणं, आणि ती दूर केली की सगळ्या दातांना जागा होते. मेंडेलच्या नियमांची नव्याने ओळख होऊन तेव्हा जेमतेम दहा वर्षं झाली होती. वादाचे निबंध ‘डेंटल कॉसमॉस’मध्ये छापून आले आणि देशभर चर्चा झाली. आज ते पुन्हा वाचताना सर्वांत लक्षात राहतो तो केस यांचा संयम. सरसकट दात काढा असं ते म्हणतच नव्हते. बहुसंख्य रुग्णांत दात काढू नयेत, पण मोजक्या रुग्णांत चेहऱ्यासाठी काढावे लागतात, एवढंच त्यांचं म्हणणं. ही मोजकी सूटही अँगल यांच्या अनुयायांना नको होती.

वाद अँगलपक्षाने जिंकला. त्यांच्याकडे शाळा होती, शिष्य होते, आणि एकच नियम सगळ्यांना लावण्याची सोय होती. केस यांच्याकडे प्रत्येक चेहरा वेगळा तपासण्याचा सल्ला होता, जो शिकवायलाही अवघड आणि पाळायलाही. १९२३ मध्ये केस वारले तेव्हा त्यांची भूमिका जवळजवळ अडगळीत गेली होती.

अँगल मात्र शेवटपर्यंत नवं शोधत राहिले. आदर्श कमानीत दात नेमके बसवायला जी उपकरणं लागत, ती त्यांनी एकामागून एक बनवली आणि आधीचं अपुरं वाटलं की बाजूला सारलं. पत्नी ॲना याही दंतवैद्यक शिकलेल्या होत्या. कॅलिफोर्नियातल्या पासाडेनाच्या त्यांच्या शाळेत शिष्य त्यांना ‘मदर अँगल’ म्हणत. १९२५ मध्ये अँगल यांनी शेवटचं उपकरण सिद्ध केलं, एजवाइज. प्रत्येक दातावर धातूच्या पट्टीला जोडलेला एक छोटा ब्रॅकेट, त्यात ०.०२२ इंच बाय ०.०२८ इंचाची चौकोनी खाच, आणि त्या खाचेत बसणारी तितकीच चौकोनी तार. गोल तार दाताला फक्त ढकलू शकते. चौकोनी तार खाचेत पिळून बसवली की दाताचं मूळसुद्धा हव्या त्या दिशेला वळवता येतं. आज आपल्याकडे मुलांच्या दातांवर दिसणारे ब्रॅकेट याच कल्पनेचे वंशज आहेत. हे उपकरण दात न काढता बसवण्यासाठी बनवलं गेलं होतं. दात काढून राहिलेली जागा बंद करण्याच्या कामात तेच सर्वांत उपयोगी पडणार होतं, हे अँगल यांना बघायला मिळालं नाही. १९३० मध्ये ते वारले.

चार्ल्स ट्वीड हे त्यांच्या अखेरच्या काळातल्या लाडक्या शिष्यांपैकी एक. एजवाइजवरचा लेख लिहिण्यात त्यांनी वृद्ध गुरूंना मदत केली होती. अँगल यांनी त्यांच्याकडून दोन गोष्टी मागितल्या. हे उपकरण आयुष्यभर सोडायचं नाही, आणि या शाखेला कायद्याने स्वतंत्र मान्यता मिळवून द्यायची. ट्वीड यांनी दोन्ही पाळल्या. १९२८ मध्ये त्यांनी ॲरिझोनातल्या फिनिक्सला फक्त एजवाइजने उपचार करणारा दवाखाना उघडला. त्यांच्याच खटपटीतून १९२९ मध्ये ॲरिझोनात ऑर्थोडॉन्टिस्टच्या विशेष व्यवसायाला मान्यता देणारा अमेरिकेतला पहिला कायदा झाला. त्या कायद्याखालचं पहिल्या क्रमांकाचं प्रमाणपत्र ट्वीड यांचं.

पुढची काही वर्षं त्यांनी गुरूंच्या शब्दाबाहेर एक पाऊल टाकलं नाही. एकही दात काढला नाही. आणि तरीही त्यांना समाधान मिळेना. उपचार संपताना कमान सुंदर दिसे. काही काळ गेला की खालचे पटाशीचे दात पुन्हा दाटायचे. अनेक मुलांच्या चेहऱ्यांवर तेच दिसत होतं जे केस यांच्या प्लास्टरच्या ठशांत होतं, पुढे आलेले ओठ आणि मिटताना ताणली जाणारी हनुवटी.

इथे ट्वीड यांनी जे केलं, त्यामुळे मी त्यांना या सगळ्या इतिहासात सर्वांत वर मानतो. आपल्या अपयशी उपचारांचा दोष त्यांनी रुग्णांवर टाकला नाही. मुलाने काळजी घेतली नाही, रबर लावलं नाही, असं म्हटलं नाही. जुने रुग्ण बोलावून त्यांच्या नोंदी, साचे आणि फोटो चार वर्षं तपासले. ज्यांचे चेहरे छान दिसत होते आणि दात टिकून होते, त्यांच्यात खालचे पटाशीचे दात हाडावर जवळजवळ काटकोनात उभे होते. जिथे अपयश होतं तिथे ते पुढे झुकलेले होते. कमान रुंद करताना दात हाडाच्या आधाराबाहेर गेले होते, आणि वोल्फ यांच्या नियमानुसार तिथे हाड यायला हवं होतं ते आलं नव्हतं. मग त्यांनी अपयशी रुग्णांतले अनेक निवडले, चार पहिल्या उपदाढा काढल्या, आणि सगळे उपचार पुन्हा केले. या दुसऱ्या उपचारांची फी त्यांनी घेतली नाही.

१९३६ मध्ये त्यांनी हे जाहीरपणे मांडलं, आणि अँगल-परंपरेतले बरेचजण संतापले. ज्याला गुरूंनी आपला वारसा दिला त्यानेच दात काढायला सांगावं, हा गुरुद्रोह वाटला. कनेटिकटचे रॉबर्ट स्ट्रँग यांच्यासारखे थोडे ज्येष्ठ त्यांच्या बाजूने उभे राहिले. मग १९४० मध्ये शिकागोला ऑर्थोडॉन्टिस्टांच्या अधिवेशनात ट्वीड यांनी शंभर रुग्णांच्या नोंदी मांडल्या. प्रत्येक रुग्णावर दोनदा उपचार झालेले: आधी दात न काढता, नंतर चार दात काढून. मूल तेच, उपकरण तेच, हातही त्याच डॉक्टरांचे. साचे आणि फोटो शेजारीशेजारी ठेवलेले. क्लीव्हलँडला जो वाद तर्काने सुटला नव्हता, तो इथे डोळ्यांसमोर होता.

क्ष-किरणांनीही ट्वीड यांना साथ दिली. डोकं एकाच ठिकाणी स्थिर धरून बाजूने ठरावीक अंतरावरून एक्स-रे काढण्याची रीत क्लीव्हलँडचे हॉली ब्रॉडबेंट आणि जर्मनीचे हर्बर्ट होफ्राथ यांनी १९३१ मध्ये स्वतंत्रपणे मांडली होती. ब्रॉडबेंट हेही अँगल यांचेच विद्यार्थी. १९३८ मध्ये शिकागोचे ॲलन ब्रॉडी यांनी सहकाऱ्यांसह अशा एक्स-रेंवरून दाखवलं की उपचारांनी होणारा बदल मुख्यतः दातांभोवतीच्या हाडापुरताच राहतो. जबड्याचं मूळ हाड फारसं बदलत नाही. ब्रॉडी यांनाही अँगल यांनीच शिकवलं होतं. गुरूंचा सिद्धांत गुरूंच्याच शिष्यांनी, त्यांनीच लावलेल्या मोजमापाच्या सवयीने खोडला.

जगाच्या दुसऱ्या टोकाला हेच आणखी एका शिष्याबाबत घडत होतं. ऑस्ट्रेलियाचे रेमंड बेग १९२४ च्या सुमारास पासाडेनाला अँगल यांच्याकडे शिकून ॲडलेडला परतले, दात न काढता उपचार करू लागले, आणि काही वर्षांतच त्यांना तीच अडचण आली. त्यांनी कारण शोधलं वेगळ्या ठिकाणी, ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या जुन्या कवट्यांत. त्या दातांवर रेताड, खरखरीत अन्नाने प्रचंड झीज झालेली होती, चावण्याच्या पृष्ठभागावर आणि शेजारच्या दाताला टेकणाऱ्या बाजूंवरही. प्रत्येक दात थोडा अरुंद झाल्याने मागचे पुढे सरकत आणि अक्कलदाढेलाही जागा मिळे. मऊ अन्न खाणाऱ्या माणसात ही झीज होत नाही, म्हणून ती जागा दात काढून द्यावी लागते, असं त्यांनी १९५४ च्या निबंधात मांडलं. या कवट्या ज्यांच्या होत्या त्यांना किंवा त्यांच्या वंशजांना कोणी विचारलं नव्हतं, याचीही नोंद इथे व्हायला हवी. बेग यांच्या निष्कर्षावर पुढे शंका घेतल्या गेल्या. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट कोरुचिनी यांनी सहकाऱ्यांबरोबर पंजाबमधल्या खेड्यातल्या आणि शहरातल्या तरुणांची दातजुळणी तपासली, तेव्हा शहरी तरुणांत दोष अधिक आढळले. मऊ अन्नामुळे दात झिजत नाहीत यापेक्षा जबडाच कमी वाढतो, हे स्पष्टीकरण त्यांना अधिक पटलं. पण बेग यांची तार टिकली. धातुतज्ज्ञ आर्थर विलकॉक यांच्याकडून त्यांनी अतिशय ताठ, लवचीक, गोल पोलादी तार बनवून घेतली. तिच्या हलक्या दाबाने दात चटकन कलत सरकत. ही पद्धत भारतातल्या दंत महाविद्यालयांत दीर्घकाळ शिकवली गेली. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटीच्या पहिल्या पिढ्यांनी बेगच्या तारेवर हात बसवला.

युरोप या भांडणापासून बराच दूर होता. तिथे सोन्याच्या तारा आणि प्रत्येक दातावर पट्टी परवडणारी नव्हती. विमायोजनांतून मोठ्या संख्येने मुलांवर स्वस्तात उपचार करायचे होते. मूळचे डॅनिश असलेले व्हिगो आंद्रेसन यांनी आपल्याच मुलीचे दात सुट्टीत पुन्हा सरकू नयेत म्हणून तोंडात सैल बसणारी एक पट्टी दिली होती. सुट्टीवरून ती परतली तेव्हा जबड्यांचं नातं आणखी सुधारलेलं दिसलं. पुढे ओस्लोत कार्ल हॉइप्ल यांच्याबरोबर त्यांनी यावर पद्धत उभारली: तारेने ढकलायचं नाही, खालचा जबडा पुढे धरून स्नायूंनाच काम करू द्यायचं. जबडा वाढवता येतो हा त्यांचा दावा अमेरिकनांना पटत नव्हता. वाढत्या वयात अशी उपकरणं उपयोगी पडतात हे मात्र आज सगळीकडे मान्य आहे, जरी त्यातला मोठा वाटा दात सरकण्याचाच निघाला.

ट्वीड यांच्या विजयानंतर जे झालं ते दुःखद आहे. त्यांनी एक्स-रेवर एक त्रिकोण ठरवला: २५, ९० आणि ६५ अंश. तो मार्गदर्शक म्हणून होता. अनेकांनी तो साचा केला. खालचे पटाशीचे दात ९० अंशांवर आणायचे म्हणून दात काढायचे, अशी उलटी सवय लागली. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या दवाखान्याच्या नोंदी विल्यम प्रॉफिट यांनी १९९४ मध्ये छापल्या. तिथे १९५३ मध्ये ३० टक्के रुग्णांचे दात काढले जात होते; १९६८ मध्ये ७६ टक्क्यांचे. १९९३ मध्ये हा आकडा पुन्हा २८ टक्क्यांवर आला. चाळीस वर्षांत मुलांचे जबडे बदलले नव्हते. गोऱ्या, अरुंद चेहऱ्यांवरून ठरवलेले ते अंश सगळ्यांना लावणं चूक होतं. आपल्याकडच्या बऱ्याच माणसांचे ओठ स्वभावतःच किंचित पुढे असतात आणि ते सुंदर असतात.

लंबक मागे फिरायला आणखी दोन कारणं झाली. १९८७ मध्ये मिशिगनमधल्या एका खटल्यात ज्यूरीने डॉक्टरविरुद्ध सुमारे साडेआठ लाख डॉलरची भरपाई ठरवली. उपदाढा काढल्याने जबड्याच्या सांध्याचं दुखणं लागलं असा दावा होता. त्यानंतरच्या अभ्यासांत असा संबंध आढळला नाही, पण धास्ती बसली ती बसलीच. दुसरं कारण अधिक खोल होतं. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिटल आणि सहकाऱ्यांनी पहिल्या उपदाढा काढून उपचार झालेल्या ६५ रुग्णांना, दात धरून ठेवणारी उपकरणं काढल्यानंतर किमान दहा वर्षांनी तपासलं. खालचे पुढचे दात समाधानकारक राहिलेले रुग्ण तीस टक्क्यांहूनही कमी निघाले. १९८१ चा हा अभ्यास ज्यांनी दात काढणं हीच टिकाऊपणाची हमी मानली होती त्यांना हादरवणारा होता. दात काढा वा न काढा, वय वाढतं तसे ते पुढे आणि आत दाटतच जातात; ज्यांच्यावर कधीच उपचार झाले नाहीत त्यांचेही. म्हणून आता दात काढण्याचा निर्णय ओठ, नाक, हनुवटी, हिरडीची जाडी आणि दाटी पाहून एकेका रुग्णापुरता घेतला जातो, आणि उपचार संपताना खालच्या सहा दातांच्या आतल्या बाजूला एक बारीक तार चिकटवून दिली जाते. ती किती वर्षं ठेवायची असं विचारलं, तर बहुतेक ऑर्थोडॉन्टिस्ट सांगतात, जोवर दात सरळ हवेत तोवर.